बँडेज बांधलेली काकणं

त्या सहलीसाठी मी तीन याद्या केल्या होत्या. एक मुलींची, एक बरोबर न्यायच्या सामानाची आणि एक दिसू शकतील अशा पक्ष्यांची. सामानात दशम्या, पाण्याचे दोन डबे, आयोडीनची बाटली, बँडेजच्या भरपूर गुंडाळ्या, शिट्टी आणि ट्रकच्या चाकातल्या हवा भरलेल्या दोन ट्यूबा होत्या. ट्यूबा पाहून हेडमास्तर म्हणाले, "बाई, धरणावर चाललात की समुद्रावर?"

"सर, सहापैकी एकाही मुलीला पोहता येत नाही. मलाही येत नाही."

त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली.

मी तेव्हा शिरड शहापूरला विज्ञान शिकवत होते. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा व्हायला अजून वीसेक वर्षं होती. सिद्धेश्वरचं धरण भरून आठ-दहा वर्षं झालेली. आमच्याकडचे लोक धरणाला एकतर नमस्कार करायला जात किंवा कालव्याच्या पाण्यासाठी भांडायला. पाण्यात काय राहतं ते पाहायला कुणी गेल्याचं ऐकलं नव्हतं.

ही कल्पना एका भोई मामांची. ते बाजारच्या दिवशी मासळी घेऊन येत. मी वर्गासाठी पक्ष्यांची चित्रं घेऊन चालले होते, ती पाहून म्हणाले, "कागदाची पाखरं काय दाखवता पोरींना? थंडीत माह्या होडीत बसा. पाण्यात बुडालेलं रान हाय तिकडं, जितीजागती दाखवतो." त्यांच्या होडीला जुन्या धोतरांचं शिवलेलं शीड होतं. आठच माणसं बसतील, नववं नाही, ही अट मी घातली. मामा, मी आणि नववीच्या सहा मुली.

त्या सहांत एकीच्या बाबतीत मला घोर होता. वर्गात सर्वांत हुशार हीच. दिवाळीनंतर तिचं कुंकू लागलं होतं, म्हणजे लग्न ठरलं होतं. उन्हाळ्यात लग्न, आणि म्हणून दहावी नाही. वडील वाईट नव्हते. म्हणाले, "सासरच्यायनी थांबा म्हटलं तर मी थांबतो, बाई. मला काय घाई?" मी त्यांच्याकडूनच दोनदा सासरी निरोप धाडला. मुलगी हुशार आहे, पुढं शिकू द्या, शिकलेली सून घराच्या उपयोगी पडते, अशी कारणंही सांगितली. सासूचा उलटा निरोप आला: "पोरीला काय कलेक्टर करायचंय?" त्या सासूबाईंना मी पाहिलेलं नव्हतं. जानेवारी उजाडला होता, आणि तिसऱ्यांदा काय सांगावं ते मला सुचत नव्हतं.

सकाळच्या एसटीनं आम्ही फाट्यावर उतरलो, तिथून पाण्यापर्यंत चालत गेलो. मामा होडी लावून तयार होते. मुली चढायला लागल्या तसे ते ओरडले, "थांबा! काकणं काढा आधी."

सगळ्या जागीच थांबल्या.

"पाखराला माणसाचं बोलणं चालतं, म्हशीचं ओरडणं चालतं. पर काच वाजली की गेलंच समजा. काढा, बाईंजवळ द्या."

"मामा, काकणं कुठं काढत असतेत का?" एक जण म्हणाली.

"माही आय जितं ठिवणार न्हाई," दुसरी म्हणाली.

जिचं लग्न ठरलं होतं तिच्या दोन्ही हातांत सासरकडून भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. तिनं हात मागं घेतले आणि सर्वांत शेवटी जाऊन उभी राहिली. मामाही हटेनात. मग मी पिशवीतलं बँडेज काढलं आणि एकेकीच्या मनगटावर, बांगड्यांवरूनच, पट्टी गुंडाळायला लागले. माझ्याही हातात दोन बांगड्या होत्या, त्याही बांधल्या. मामांनी एकेकीचा हात हलवून कानाशी नेला, खात्री केली आणि मग होडी लोटली.

वारा मागून होता. शीड फुगलं, आणि होडी इतक्या गुपचूप निघाली की मुलींना आपण चाललोय हे काठ मागं गेल्यावर कळलं. मामा सुकाणू धरून बसल्या बसल्या हनुवटीनं दाखवत. पाण्यातल्या खुंटावर पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे. चक्रवाकांची जोडी. पुढं बुडालेल्या बाभळींचं बन लागलं. पानं कधीच गेलेली, काळे वाळके शेंडे पाण्याबाहेर, आणि फांदीफांदीवर बगळ्यांची वस्ती. बनापलीकडं एक ओढा येऊन मिळत होता. त्याच्या दोन्ही अंगांना करंज, जांभूळ आणि उंबर असे दाटले होते की पाणी हिरवंगार दिसत होतं. मामांनी शीड उतरवलं. बांबू टेकत होडी आत घेतली.

तिथं पाणमांजरं दिसली. चार होती. एक मासा धरून दगडावर बसलं होतं आणि आपण भुईमुगाच्या शेंगा खातो तसं डोकं वाकडं करून करकर चावत होतं. बाकीची आमच्याकडं पाहून फुसफुसली, बुडाली आणि होडीच्या दुसऱ्या अंगाला वर आली. सहा मुली आणि एकीचाही आवाज नाही. सगळी नोकरी संपल्यावर आता सांगते, अशी शांतता मला वर्गात एकदाही मिळालेली नाही.

बारा वाजता वारा वाढला. परतायचं तर समोरून वारा, म्हणजे वल्ह्यावरच. मामा म्हणाले, "पलीकडच्या काठाला घंटाभर थांबू. तुमी खाऊन घ्या. मंग वारा पडतो."

"कोणतं गाव आहे ते?"

मामांनी गावाचं नाव सांगितलं. एका मुलीनं शेजारणीला कोपर मारलं. आणि ती, जिचं लग्न ठरलं होतं, एकदम खाली बघायला लागली. तिच्या सासरचं गाव. माझ्या कोणत्याही यादीत पलीकडच्या काठावरच्या गावांची नावं नव्हती.

तोवर होडी काठाला लागलीच होती. दगडावर धुणं बडवत असलेली एक धिप्पाड बाई हातातलं धोपटणं तसंच धरून उभी राहिली. डोळ्यांवर हात घेऊन तिनं पाहिलं.

"आमचीच हाय का ही?"

"व्हय, आत्याबाई," मुलगी हळूच म्हणाली. म्हणजे सासूबाई त्याच.

"आन हाताला काय झालं? दोनी हात? अगं बया, पोरगी मोडली का काय!"

"काही नाही झालं."

"काही न्हाई तर दवाखान्यावानी पट्ट्या काहून? काकणं वाढली का? खरं सांग."

मी पुढं होऊन बोलणार होते, पण मुलीनंच पट्टी सोडायला सुरुवात केली. हिरव्या बांगड्या जशाच्या तशा निघाल्या.

"बांधल्या होत्या. काच वाजली की पाखरं उडतेत."

सासूबाईंनी होडीतल्या एकेकीच्या मनगटाकडं पाहिलं. शेवटी माझ्याकडं.

"तुमी मास्तरीणबाई ना? निरोप धाडणाऱ्या? तुमी बी बांधले?"

"हो."

"पाखरापुढं काकणं बांधता, मंग नवऱ्यापुढं काय तोंड बांधायचं?"

मुली हसू दाबत होत्या. निरोप फसले होते ते फसले, वर आता लग्नाआधीच्या मुलीला मी उघड्या होडीत, हात बांधून फिरवताना सापडले होते. लग्न उन्हाळ्याऐवजी पुढच्या आठवड्यात घ्या म्हणाल्या असत्या तरी मला तोंड नव्हतं.

मामा होडीतूनच म्हणाले, "अक्का, धरण भरल्यापासून रोज हितं धुणं धूती. मागं वळून कवा पायलं का, पाण्यात काय हाय?"

"मला काय तुह्यासारखा रिकामा येळ हाय?"

"या न, आत्याबाई," मुलगी म्हणाली. तिनं बोट केलं. "बाभळीपर्यंतच जाऊ. हिमालयापलीकडून आलेले पक्षी हायेत. हितून दिसतंय ते रान."

सासूबाईंनी गावाकडं पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. धोपटणं दगडावर ठेवलं, लुगडं खोचलं आणि गुडघाभर पाण्यात शिरून होडीची कड धरली.

आठच माणसं. मी खाली उतरले. मुलींना सोडायचा जीव होत नव्हता, म्हणून मामांना बजावलं की शीड मला सारखं दिसलं पाहिजे आणि शिट्टी वाजली की परत.

"बाई, तुमी उतरल्या तरी वजन वाढलंच," मामा म्हणाले.

"वल्हं घालीन डोस्क्यात," सासूबाई म्हणाल्या, आणि जीव मुठीत धरून मधल्या फळीवर बसल्या. मामांनी त्यांच्या काकणांकडं बोट दाखवलं. त्यांनी दोन्ही हात होणाऱ्या सुनेपुढं धरले. तिनं स्वतःची सोडलेली पट्टी पुन्हा गुंडाळली, शेवटची गुंडाळी काढली आणि त्यांच्या हातांना बांधली. "लई घट्ट नगं," एवढंच मला ऐकू आलं.

होडी गेली. मी एका दगडावर बसले. शीड दिसत होतं. रिकामं बसणं मला जमत नाही आणि समोर अर्धं धुणं तसंच पडलेलं. दोन धोतरं, एक गोधडीची खोळ आणि लहान मुलांचे कपडे होते. मी ते धुतले, पिळले, झुडपांवर वाळत घातले. होडीत काय झालं ते नंतर मुलींनी सांगितलं. वाटभर सासूबाईंनी सुनेचं मनगट सोडलं नाही. बनाच्या कडेला, उथळ पाण्यात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या कादंब पक्ष्यांचा थवा चरत होता. सुनेनं कुजबुजत सांगितलं की हे बर्फाचे डोंगर ओलांडून येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात, अंडी तिकडंच घालतात. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून नुसतं खायाला?" मग त्यांनी आणखी बरंच विचारलं, आणि मुलीला जे येत होतं ते तिनं सांगितलं. जे येत नव्हतं ते येत नाही म्हणाली.

परत आल्यावर त्या उतरल्या आणि झुडपांकडं पाहत राहिल्या.

"तुमी धुतलं व्हय?"

"बसल्या बसल्या."

"धोतराला नीळ न्हाई घातली."

मी तिसरा निरोप तोंडीच सांगायचं ठरवलं. मुद्दे मनात लावून घेतले होते. "तुमची सून फार हुशार आहे, तिला पुढं..."

"ते कळलं मला. तुमी नगा सांगू." त्या पट्टी सोडत होत्या. "दहावी किती वर्सांची असती?"

"एक."

"एकच?"

"एकच. जूनपासून पुढच्या मार्चपर्यंत."

"मंग असं सांगा न! मला वाटलं पुढं म्हंजे चार-पाच वर्सं. एक वर्स तर म्हैस बी भाकड ऱ्हाती."

दोन्ही निरोपांत मी इतकी कारणं दिली होती आणि किती दिवस थांबायचं ते एकदाही सांगितलं नव्हतं. मुलगी माझ्याकडं पाहत होती. मी तिच्याकडं पाहायचं टाळलं, कारण मला हसू की रडू काय येईल याचा भरवसा नव्हता.

"आन घरी सांगू नका," सासूबाई गाठोडं बांधता बांधता म्हणाल्या, "मी होडीत बसले म्हणून. तिच्या सासऱ्याला पाण्याचं लई भ्याव हाय."

जूनमध्ये ती दहावीत आली. पुढच्या मे महिन्यात लग्न झालं आणि त्यानंतर निकाल लागला. गणितात नापास. मला वाटलं, संपलं. ती पास झाली ती ऑक्टोबरच्या परीक्षेत, आणि त्या परीक्षेला तिला सासूबाई स्वतः घेऊन आल्या. केंद्र आमच्याच शाळेत होतं. तीन तास त्या पटांगणातल्या लिंबाखाली बसून होत्या. मी दिसले की विचारत, "आत जाऊन बघा न बाई, लिहून राहिली का नुसतीच बसली?" मला आत जाता येत नाही असं मी दोनदा सांगितलं, ते त्यांना पटलं नाही.

घंटा झाली. सून बाहेर आली तसा त्यांनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"समदे प्रश्न सोडवले?"

"एक राहिला, आत्याबाई."

"काहून राहिला?" त्यांनी विचारलं, आणि ते नीट समजून घेईपर्यंत भाकरीचं फडकं सोडलं नाही.