तनूनं पाणी का सोडलं

नायक संजयचं पार्थिव घेऊन आम्ही सुरतेहून निघालो आणि अक्कलकुव्यावरून, तळोद्याच्या अलीकडे, त्याच्या गावी पोहोचलो. मी तेव्हा त्याच्याच युनिटमध्ये हवालदार, नर्सिंग असिस्टंट. खानदेशचा म्हणून एस्कॉर्टला माझी निवड झाली होती.

संजयला मुलगा नव्हता. अग्नी चार वर्षांच्या तनूनं, त्याच्या मुलीनं द्यायचा, असं ठरलं होतं. ती आत्याच्या मांडीवर निपचित पडली होती. तोंडातून लाळ गळत होती. येणारी प्रत्येक बाई तिचा मुका घेई आणि रडे.

"कालथीन पानी बी पेत नई," आत्या म्हणाली. "बाप गया हाई तिले समजी गयं, भाऊ."

मलाही तेच वाटलं. पण तिचं अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. मूठ उघडून पाहिली, तर तळव्यावर बारीक फोड. तळपायांवरही. गोवर? कांजिण्या? जन्मभर जवानांच्या जखमा बांधलेल्या मला लहान मुलांच्या दुखण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. युनिटच्या डॉक्टर कॅप्टन मॅडमना फोन लावला.

"तोंडात बघा."

"जिभेवर, टाळ्याला फोड आहेत, मॅडम."

"हँड-फूट-माउथ वाटतंय. विषाणूचा आजार. लहान मुलांत नेहमीचा. गिळताना दुखतं, म्हणून पीत नाही. लघवी झाली?"

"सकाळपासून नाही."

"गार दूध, पाणी द्या. घोट घोट. नाही जमलं तर लगेच हॉस्पिटल."

आत्या ऐकेना. "हाई तर तिले मांगला साले व्हई गयं. एकदाव व्हयनं का परत व्हत नई!"

गेल्या वर्षी होऊन गेलं, आता परत नाही, हा माझाही समज. फोनवर तसं म्हटल्यावर मॅडम वैतागल्या. कॉक्सॅकी, एन्टेरो अशी या विषाणूंची भलीमोठी भावकी आहे म्हणाल्या. एक येऊन गेला म्हणून दुसरा टळत नाही. लाळेतून, फोडांच्या पाण्यातून, शीतून पसरतो. मुके थांबवा, पेला वेगळा ठेवा, हात धुवा.

दुःखानं मुका घेणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं? मी परेडवर असल्यासारखा ओरडलो. बायका बिचकून मागे सरल्या.

आमच्यासोबत आलेल्या सुभेदार साहेबांनी अंत्ययात्रा थांबवली. "पिलाओ. हम रुके हैं."

तनूनं आधी दूध थुंकलं. रडली. मग एक चमचा गिळला, मग आणखी एक. अर्ध्या वाटीनंतर केव्हातरी आत्याची साडी तनूच्या लघवीनं ओली झाली. मी देवाचे आभार मानले.

तोंड जरा निवल्यावर तनूनं माझ्या वर्दीकडे पाहिलं.

"पप्पा बी ऊना का?"

आत्यानं पदर तोंडात कोंबला.

"ऊना ना, बेटा, आला," मी म्हणालो, आणि तिला उचलून तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीकडे घेऊन गेलो.