नूतनअक्काच्या गेमचं हक्कसोडपत्र

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीनं माहेरी यायचं, खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवून खायची आणि जाताना साडी घेऊन जायची. चाळीसगावच्या नूतनअक्का लग्नापासून हे नेमानं करत आल्या होत्या. हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झाल्या तरी भडगावच्या एसटीत बसताना त्यांचं पाऊल हलकं पडायचं. यंदा मात्र त्यांच्या ताटाशेजारी साडी होती आणि साडीच्या घडीखालून स्टॅम्पपेपरचं टोक डोकावत होतं. ते दिसलं आणि अक्कांचा घास तोंडात फिरायला लागला.

हे टोक त्यांच्या ओळखीचं होतं. वडील जीवराम पाटील गेले त्या वर्षीच्या आखाजीलाही अशीच साडी होती, साडीखाली असाच कागद होता आणि अक्कांनी वावरावरचा, वडिलांच्या शेतावरचा, हक्क धाकट्या भावाच्या, ललितच्या नावे सोडून दिला होता. बहिणी सोडतातच. हसत सही करायची, वर भावाला ओवाळायचं. पण आता सोडायला उरलं काय होतं?

उरला होता एक गेम. अक्का कॉलेजात असताना मस्कतच्या मामानं टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. घरात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पोरीनं मात्र सोबतचं पुस्तक वाचून त्यावर गेम लिहिला. वरून केळीचे घड पडायचे, ते ट्रकमध्ये नीट रचायचे, ट्रक सुटायच्या आत. कॅसेटवर उतरवून तो या मित्राकडून त्या मित्राकडे पार पुण्यापर्यंत गेला. पडद्यावर नाव तेवढं अर्धंच होतं : पाटील, भडगाव. पोरीचं नाव गावोगाव फिरायला नको, असं वडिलांचं म्हणणं होतं.

आता जुन्या कॉम्प्युटरांच्या नादी लागलेल्या कुठल्याशा परदेशी मंडळींना ती कॅसेट सापडली. गेमचा कोड ओपन सोर्स करावा, म्हणजे कुणालाही वाचता, बदलता, वाटता येईल, यासाठी त्यांना लेखकाची परवानगी हवी होती. शोधत शोधत त्यांचा मेल ललितच्या मुलाला, नवीनला आला. पण परवानगी द्यायची म्हणजे आधी वस्तू नावावर हवी, असा ललितनं हिशेब केला आणि तो थेट तहसील कचेरीसमोरच्या दस्तलेखकाकडे गेला.

अक्कांनी कागद ओढून वाचला. ‘सदर गेमवर माझा व माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही.’ त्याखाली, सवयीनं, जमिनीच्या दस्तात घालतात तशी चतुःसीमा घातली होती. पूर्वेस ललित जीवराम पाटील यांचे घर, पश्चिमेस रस्ता. हसायला यावं असंच होतं ते. अक्कांना शिसारी आली.

“अक्का, आथं फक्त सही करी दे,” ललित रस वाढत म्हणाला. “तुले काय करनं शे त्या गेमनं? आपली वस्तू घरमाच ऱ्हाई. वावर बी तू असंच खुशीखुशी सोडी दिधं व्हतं ना.”

भावजय दिपमालानं आणखी एक पोळी ताटात टाकली. ओट्यावर गुंडाळून ठेवलेला बॅनर नवीन उलगडून दाखवत होता. जळगावला सत्कार ठरला होता. ‘खान्देशच्या पहिल्या गेमचे जनक’, शेजारी फेटा बांधलेला ललित. ज्याला टेपरेकॉर्डरचं बटण दाबायला बहीण लागायची, तो. अक्कांना त्या बॅनरचा वीट आला, त्या रसाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या लाडीक ‘अक्का’चा आला. माणसं किती गोड बोलून किती खरवडून घेतात!

दस्ताला पुरावा म्हणून त्या मेलची छापील प्रत टाचली होती. अक्कांनी हात धुतले, चष्मा लावला, त्यावरचा पत्ता मोबाईलात घातला आणि तिथंच पाटावर बसून उत्तर लिहिलं. गेम मी लिहिला. पूर्ण नाव नूतन जीवराम पाटील. कोड खुला करा. कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. अट एकच, माझं नाव काढायचं नाही. पाठवलं आणि मग सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं.

ललितचा चेहरा उतरला. “जगले वाटी दिधं? मंग आपलं काय ऱ्हायनं?”

“साऱ्या जगनं शे, ते तुनं बी शे,” अक्का म्हणाल्या. “फक्त नाव मनं, नूतननं, ऱ्हाई.”

नवीननं बॅनर गुंडाळला. मग ललित रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाला, “मंग पुढली आखाजीले कोठे जाशी तू?”

अक्कांना वाटत होतं, वावर आपण मायेनं सोडलं. ते इतकी वर्षं या दारात येण्याचं भाडं होतं, हे त्यांना या वयात, आमरसाच्या ताटावर कळलं. त्यांनी सहीच्या कोऱ्या जागेकडे एकदा पाहिलं, कागद भावाच्या हातात दिला आणि चपला पायात सरकवल्या.