वानखडेचा विलायतेचा अर्ज

अकोल्याच्या कोर्टात मी वकिली सुरू केली तेव्हा हाताशी केसेस कमी आणि वेळ भरपूर. वेळ असला की वकील बाररूममध्ये बसतो, आणि बाररूममध्ये बसला की किस्से आपोआप गोळा होतात. माझ्याकडचे निम्मे तर एकट्या वानखडेच्या अर्जाचेच आहेत!

वानखडे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. मूळचा हिवरखेडचा, आईबाप शेतमजूर, नागपूरला एलएल.एम. करून आलेला. १९६० च्या सुमारास त्याच्या मनानं घेतलं, विलायतेला जाऊन कायद्यात पीएच.डी. करायची. विषयही ठरलेला, गावच्या विहिरीवरचा पाण्याचा हक्क. असा अर्ज आमच्या बारमध्ये आधी कुणी केलेला नव्हता. त्यामुळे फॉर्म आला आणि सगळी बाररूमच तो भरायला बसली.

*

पहिल्याच पानावर गाडी अडली. 'सरनेम' लिहून झालं. त्याखाली छापलं होतं, 'ख्रिश्चन नेम'.

म्हणजे फक्त स्वतःचं नाव, हे आता कळतं. तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. वानखडेचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. त्यानं फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "अबे, धर्म बदलून मले चारच वर्षं झाले. हे लोक तं लईच घाईवर आहेत!"

*

संशोधनाचा आराखडा टाइप करायला दिला रहीमभाईंकडे. कोर्टाच्या आवारात निंबाखाली त्यांचं मशीन असायचं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, सगळं तिथंच. मशीन जुनं, पण हात असा की बोलता बोलता पान संपायचं.

दुपारी गेलो तर रहीमभाई डोक्याला हात लावून बसलेले. मशीनचा 'डब्ल्यू' तुटला होता. आणि वानखडेच्या आराखड्यात दर ओळीला वॉटर, वेल, लॉ, विटनेस! खाली सहीपाशी परत वानखडे!

"आता?" मी विचारलं.

"वकीलसाब," रहीमभाई फार गंभीरपणे म्हणाले, "सब्जेक्ट बदल डालो. मशीन बदलना मुश्किल है!"

शेवटी सगळे डब्ल्यू आम्ही दोघांनी शाईनं भरले. माझे जरा वाकडे आले होते. वानखडेनं ते मला पुढं कित्येक वर्षं ऐकवलं.

*

उमेदवाराला ओळखणाऱ्या प्रतिष्ठित माणसाचं गोपनीय पत्र हवं होतं. वानखडेचे सीनियर तात्यासाहेब. फौजदारीत चाळीस वर्षं काढलेली. त्यांनी दोन दिवस खपून पत्र लिहिलं. गोपनीय असलं तरी त्यांना राहवेना, म्हणून सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"अर्जदार सभ्य वर्तनाचा असून या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी आहे. तो फरार होण्याची अथवा साक्षीदारांना फितवण्याची शक्यता नाही..."

वानखडे हळूच म्हणाला, "तात्यासाहेब, मले जामीन नाई, प्रवेश पाहिजे."

"मले शिकवतं का?" तात्यासाहेब कडाडले. "या मजकुरावर म्या खुनातले आरोपी सोडवून आणले. तुले कॉलेज कावून नाई मिळनार?"

पत्र तसंच गेलं. एक शब्द बदलू दिला नाही!

*

मग इंग्रजी येतं याचा दाखला. न्यायाधीशांनी द्यावा असं ठरलं, म्हणून मी सोबतीला चेंबरमध्ये गेलो. जजसाहेब कमी बोलणारे, आणि वानखडेचे लांबलचक युक्तिवाद रोज त्यांच्याच समोर चालायचे. त्यांनी विनंती ऐकली, कागद ओढला, एकच वाक्य लिहिलं आणि घडी घालून दिलं.

बाहेर व्हरांड्यात येऊन उघडलं.

"श्री. वानखडे हे परवानगी असेपर्यंत उत्तम इंग्रजी बोलतात; परवानगी संपल्यावरही बोलतात."

*

पासपोर्टसाठी पोलीस हिवरखेडला चौकशीला गेला. वानखडेची आई सारवत होती. पोलीस पाहून ती घाबरली, पण डगमगली नाही.

"मुलाची वागणूक कशी आहे?" त्यानं विचारलं.

"आता चांगली हाय," ती म्हणाली. "लहानपनी लई खोडकर होता. शेजाऱ्याच्या बकरीले शाळेत नेऊन बांधली होती त्यानं. खोटं कावून बोलू, साहेब?"

त्या पोलिसानं इमानदारीनं तेही लिहून घेतलं म्हणे!

*

सगळे कागद गेले आणि दोन महिन्यांनी तिकडच्या प्राध्यापकांचं पत्र आलं. प्रवेशाचं नव्हे. विषय आवडला होता, पण एक शंका होती आणि तिचं उत्तर मिळाल्याशिवाय निर्णय होणार नव्हता. त्यांनी लिहिलं होतं : 'विहिरीवर कुणाला अडवणं हा आता तुमच्या देशात गुन्हा आहे, हे मी वाचलं. पण त्याआधी तुमच्या लोकांनी त्या विहिरीचं पाणी भरू नये, असं सांगणारा कायदा नेमका कोणता होता? त्याचं कलम कळवावं.'

बाररूममधली पुस्तकं निघाली. गॅझेट, जुने निवाडे, इंग्रजांच्या वेळचे वऱ्हाडचे नियम. आठ दिवस तात्यासाहेबांसकट आम्ही सगळे शोधत होतो. कलम सापडेना. शनिवारी वानखडे उठला आणि काही न सांगता गावाला गेला. सोमवारी येऊन त्यानं पाकीट पोस्टात टाकलं. काय लिहिलं, ते कुणाला सांगितलं नाही.

महिन्याभरानं प्रवेशाचं पत्र आलं. प्राध्यापकांनी खाली हातानं लिहिलं होतं, 'तुमचं उत्तर मी माझ्या वर्गात वाचून दाखवलं.'

रहीमभाईंनी पेढे आणले. तात्यासाहेबांनी यश आपल्या पत्राच्या खात्यात जमा केलं. गलका ओसरल्यावर मी वानखडेला विचारलं, "आता तरी सांग. कोणतं कलम सापडलं?"

"कलम कुठचं बे," तो म्हणाला. "बापाले इचारलं. बैलाले पानी पाजून राहिला होता. म्हनलं, बाबा, आपल्याले विहिरीवर जाऊ देत नव्हते, तो कायदा कोनता होता?"

"मग?"

"त्यानं बादली खाली ठेवली. म्हने, कायदा असता तं मोडता तरी आला असता ना, बाप्पा!"