मदतीची पानं

आमच्या सातपूरच्या ऑफिसात सर्व्हर बसवणारा तो नामपूरकडचा. एकेक सॉफ्टवेअर निवडताना पुटपुटायचा, "हे ऱ्हाऊ दे, हे नको." काम झालं की मशीनवर थाप मारायचा, "चाल भाऊ!"

हे सगळं आपोआप व्हावं म्हणून मी त्याच्याकडूनच कमीत कमी सॉफ्टवेअरची यादी करून घेतली. सॉफ्टवेअरसोबत येणारी, वापर समजावणारी मदतीची पानंही जागा वाचवायला काढून टाकायला सांगितली.

"सर, नवा मानूस अडला तर कोनाला इचारंल?"

"अरे, तू आहेस की!"

तो हसला.

यादीवरून सर्व्हर आपोआप बसू लागले आणि त्याची नोकरी गेली. ते ठरलं त्या मीटिंगमध्ये मीही होतो.

काल सर्व्हर अडला. त्याला फोन लावायचं धाडस होईना. सहज पाहिलं, तर मदतीची पानं तिथेच होती. त्यानं ती काढलीच नव्हती.

हसला, तेव्हाच त्याला कळलं असावं.