हलंल त्यो खरा

आक्का गाडीत बसल्या की आधी डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या काचेवर नखानं दोनदा टकटक करायच्या. मग मान जरा तिरपी करून काट्याकडे बघत म्हणायच्या, "बोल." काटा थरथरला तर गाडी पुढे निघायची. नाही थरथरला तर ती तिथून थेट माझ्या दारात यायची.

तासगावात सांगली रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हल्लीच्या गाड्यांत काट्यांच्या जागी डिजिटल पडदे आले, पण बागांतून आणि बेदाण्याच्या शेडवरून जुन्या जीपगाड्या अजून राबतायत, आणि त्यांचे काटे बिघडतायत म्हणून माझं बरं चाललंय. आक्कांची जीप त्यातलीच. नवरा वारल्यावर बाग, शेड आणि जीप तिन्ही गोष्टी त्यांनी मुठीत घेतल्या. गाडी चालवता येत नव्हती. त्या डाव्या बाजूला बसायच्या आणि रस्त्याकडे चुकूनसुद्धा न बघता सगळा वेळ काट्यांवर डोळे लावायच्या. समोरून उसाची ट्रॉली अंगावर आली असती तरी त्यांना पत्ता लागला नसता. डिझेल कुठे उतरलं ते मात्र लागलीच कळलं असतं.

"हलंल त्यो खरा," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि गाडीपुरतं ते चुकीचं नव्हतं. जुन्या जीपच्या टाकीत एक फ्लोट, म्हणजे पोकळ डबी, तरंगत असतो. खड्ड्यातून जाताना डिझेल हिंदकळतं, फ्लोट खालीवर होतो आणि त्याच्याबरोबर काटाही थरथरतो. एका जागी ठाण मांडून बसलेला काटा काहीच मोजत नसतो.

पंचाईत अशी की हाच नियम त्यांनी माणसांनाही लावला. जो न अडखळता बोलतो तो घरून पाठ करून आलाय, म्हणजे खोटारडा. शेडवरच्या बायका हे पक्कं ओळखून होत्या. दुपारी तासभर झोप काढलेली बाई आक्कांपुढे येऊन मुद्दाम तत-पप करायची आणि सहीसलामत सुटायची. सगळ्यात हाल व्हायचे ते सूनबाईंचे. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. सासूच्या धाकानं त्या प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायच्या आणि मग एका दमात म्हणून टाकायच्या. "डब्यातली साखर मी खाल्ली न्हाई, आक्का, पावण्यांच्या चहाला लागली." इतकं स्वच्छ वाक्य ऐकलं की आक्का डब्यावर नखानं टकटक करायच्या. "पाठ चांगलं केलंस. लबाड हायस तू." लग्न होऊन आल्यापासून वहिनींचं एक वाक्य त्या घरात खरं ठरलं नव्हतं, आणि वहिनी तर खोटं बोलतच नव्हत्या.

आता तुम्ही म्हणाल, काटेच बघायचे तर बघू दे म्हातारीला, कुणाचं काय जातंय? त्यांच्या ड्रायव्हरला विचारा.

तो फौजेतून निवृत्त होऊन आलेला उंच, ताठ माणूस होता. विचारलं तेवढं बोलायचा आणि ठणकावून बोलायचा. एके दिवशी डिझेलचा काटा अर्ध्यावरून एकदम तळाला गेला. आक्का गाडी घेऊन माझ्याकडे आल्या. माझ्या दुकानापुढे ट्रॅक्टरवाले बसले होते, शेजारच्या हॉटेलात लोक चहा पीत होते. एवढ्या लोकांसमोर आक्का त्याला म्हणाल्या, "तोंड उघड."

"का?"

"नळी घालून तोंडानं वडलंयस डिझेल. वास घेते मी. उघड."

"फौजेत ट्रक चालवलाय म्या, आक्का. कुनी तोंड बघितलं न्हाई माजं."

"आ कर."

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. मी टाकीखाली शिरत होतो, शिरलोच. खालून मला त्याचे बूट आणि टाचा उचललेल्या आक्कांच्या चपला दिसत होत्या. त्यांना त्याच्या तोंडापर्यंत पोचायचं होतं. त्यानं आ केला. आक्कांनी वास घेतला, खूप वेळ घेतला. ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकजण फिदीफिदी हसला.

मी टाकीतला फ्लोट काढून वर आणला. त्याला बारीक चीर गेली होती. आत डिझेल भरून तो बुडाला होता, आणि तो बुडाला की वर काटाही तळाला जाणारच. टाकी अर्धी भरलेली होती. सगळ्यांना दिसेल असा मी तो हातात धरला आणि हलवून आतलं डिझेल ऐकवलं.

आक्कांनी तो बघितला. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "मग तोंड का उघडलंस? खरा असतास तर उघडलंच नसतंस."

त्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि एसटी स्टँडकडे चालत गेला. आक्का त्याच्या पाठीकडे बघत मला म्हणाल्या, "चालनं बग त्येचं. चोराचं हाय." मला हसू आलं, हे सांगायला काय हरकत आहे? अशी बाई समोर असली की माणूस आपल्यावर आलं नाही यातच खूश असतो.

दुसरा प्रसंग उन्हाळ्यातला, बेदाणा वाळायच्या दिवसांतला. त्या वेळी सगळेच काटे बिघडले. हेडलाइट लावला की डिझेलचा काटा चढायचा, पाण्याच्या उष्णतेचा नाचायचा, बॅटरीचा पार पलीकडे जाऊन आपटायचा. मागच्या बाकावर वहिनी डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चपला पायांतून काढून बाकाखाली सरकवल्या होत्या. आक्का म्हणाल्या, "समदे काटे बदल. समदे लबाड झाल्यात."

मी डॅशबोर्डमागे हात घातला आणि नेहमीचं सापडलं. सगळ्या काट्यांची मिळून एक वायर गाडीच्या अंगाला जोडलेली असते, तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. तिचा नट गंजला होता. मी म्हणालो, "आक्का, एक काटा चुकला तर काट्यात दोष. सगळेच एकदम लबाड दिसायला लागले तर काटे बरे असतात. ज्याच्यावर सगळे टेकलेले असतात तेच बिघडलेलं असतं."

मी गाडीबद्दलच बोलत होतो. पण मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. वहिनींना आवरलंच नाही. तोंडावर पदर दाबूनही तो फुटला.

आक्का मागे वळल्याच नाहीत. समोर बघतच म्हणाल्या, "उतर."

"आक्का..."

"हसू जिरलं की ये घरला."

वहिनी डबे बाकावर ठेवून उतरल्या. चपला बाकाखालीच राहिल्या. मी नट घासून बसवला, काटे जागेवर आले, आक्कांनी टकटक केलं, काटा थरथरला, आणि नवा ड्रायव्हर निमूटपणे गाडी घेऊन गेला. डांबर पाघळत होतं. मी माझ्या चपला काढून पुढे केल्या, मोटारसायकलवरून सोडतो म्हणालो. वहिनी एका दमात म्हणाल्या, "नगं दादा, पाय बगतील त्या. भाजलेलं दिसलं न्हाई तर परत चालाय लावतील." आणि सावलीसावलीनं निघाल्या. पुढे गावाबाहेर सावली नाही, हे मला ठाऊक होतं.

अशा बाईचं वाईट झालं की गावाला कसं वाटतं, ते काही मी तुम्हाला शिकवायला नको. आक्कांना अर्धांगाचा झटका आला. सांगलीला, विश्रामबागेतल्या दवाखान्यात ठेवलं, आणि परत आणल्या त्या उजवी बाजू गेलेल्या. जीभही गेली, तीन-चार शब्द तेवढे उरले. चहाच्या हॉटेलात लोक एकमेकांना टाळ्या देत होते. "आता कोन हालत न्हाई बगा!" असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

मुलानं महिन्याभरात जीप विकून टाकली. त्याची स्वतःची पडद्याची नवी गाडी होती, आणि त्या गाडीला आक्कांनी "ह्यो पडदा आंदळा हाय" म्हणून कधी पाय लावला नव्हता. घरात ठरलं की म्हातारीला सांगायचं नाही, जीप शेडमध्ये उभी आहे असंच म्हणायचं. नव्या मालकानं डॅशबोर्ड बदलून घेतला तो माझ्याकडेच. जुनं मीटर माझ्या भंगाराच्या पेटीत पडलं.

एक दिवस वहिनी दुकानात आल्या. "दादा, त्यो काटा हाय का टाकला?"

"आहे की. का?"

"जेवत न्हाईत. तोंडच उघडत न्हाईत. डाव्या हातानं खाटंच्या लोखंडावर टकटक करत्यात आन 'काटा, काटा' म्हनत्यात." मग नेहमीसारखं जुळवून आणलेलं वाक्य त्यांनी एका दमात सांगितलं. "खाटंजवळ मीटर बसवा, वायर खिडकीतनं बाहेर सोडा, शेडातल्या गाडीला जोडलीय म्हनून सांगते, आन काटा हलवायला मला एक बटन द्या."

"वहिनी," मी म्हणालो, "त्या बाईनं तुम्हाला अनवाणी चालवलं."

"काटा हलला पायजे पर. न हलनारा त्येंस्नी चालत न्हाई."

मी बसवून दिलं. खिडकीजवळच्या फळीवर मीटर, फळीखाली बॅटरी, आणि खाटेच्या कडेखाली, दिसणार नाही असं, फिरवायचं बटण, रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असतं तसं. वायरीचं दुसरं टोक खिडकीबाहेर पेरूच्या फांदीला बांधलं. वहिनी उशाशी बसल्या. उजव्या हातात मऊ भाताचा चमचा, डावा हात खाटेखाली. "आक्का, गाडीत डिझेल भरत्यात बगा," असं म्हणून त्यांनी बटण फिरवलं. खोटं बोलायची सवय नाही, त्यात डावा हात. हात थरथरत होता, म्हणून काटाही थरथरत वर चढला.

आक्कांनी तो बघितला. "खरं," म्हणाल्या आणि तोंड उघडलं.

पुढे मी बॅटरी बदलायला अधूनमधून जायचो. जेवण दिवस मावळायच्या आत उरकायची त्या घरातली रीत. त्यामुळे मी संध्याकाळी गेलो की ते बहुतेक चाललेलंच असायचं. घास गिळला की काटा रेघभर वर. घास थुंकला की काटा खाली. एकदा गेलो तेव्हा काटा पार तळाला होता. आक्का डोळे फाडून त्याच्याकडे बघत लोखंडावर नख आपटत होत्या आणि वहिनी हातावर हात ठेवून शांत बसल्या होत्या. भाताचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं.

"डिझेल संपलंय, आक्का," वहिनी म्हणाल्या. "भरायला मानूस न्हाई."

किती वेळ त्या तशा बसल्या होत्या कोण जाणे. मला बघून त्यांनी सावकाश बटण फिरवलं. मी फळीखाली बॅटरी बदलायला वाकलो. मला ते बघायला आवडलं होतं, आणि आवडलं म्हणून भीतीही वाटली.

बॅटरी बदलायला शेवटचा गेलो तो दिवस. बॅटरी बदलली, वहिनी जेवू घालायला बसल्या. "भरत्यात बगा गाडीत," असं म्हणून त्यांनी बटण फिरवलं. काटा वर चढला आणि पाऊण टाकीवर उभा राहिला. न हलता. वहिनींच्या हाताला आता सराव झाला होता.

आक्का काट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर वहिनींच्या खांद्यावर आली, तिथून दंडावरून खाटेखाली गेलेल्या हाताकडे उतरली. डावा हात त्यांनी मोठ्या कष्टानं उचलला. काचेकडे नेला नाही. वहिनींच्या दंडावर नखानं दोनदा टकटक केलं.

"बोल."

वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं. या वेळी वाक्य जुळवलेलं नव्हतं. "आक्का, त्ये... गाडी... गाडी न्हाई. इ... इकली. कवाच... इकली."

आक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. लहान पोरांना निजवताना बघतात तितक्या मऊ नजरेनं, आणि ती नजर मी त्यांच्याकडे कधी पाहिली नव्हती.

"खरं," त्या म्हणाल्या.

वहिनींना रडू कोसळलं. इतक्या वर्षांत एकदा, एकदाच त्यांचं बोलणं त्या घरात खरं ठरलं होतं. डोळे पुसून त्यांनी चमचा पुढे केला. "तोंड उघडा, आक्का." आक्कांनी ओठ मिटून घेतले. "उघडा की वो आक्का. तोंड उघडा." चमचा ओठांशी हलत राहिला, भात हनुवटीवर सांडला. त्यांनी त्या दिवशी तोंड उघडलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.

आक्कांचं दिवसकार्य झाल्यावर मी मीटर काढायला गेलो. घरात भेटायला आलेली माणसं बसली होती. आक्कांचा मुलगा त्यांना सांगत होता, "शेवटी आईला काय कळत नव्हतं. गाडीबिडीचं तर कायसुदीक न्हाई. लय शांत गेली." एकदाही न अडखळता सांगत होता.

वहिनी फळीजवळ उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. मान जरा तिरपी करून त्यांनी मीटरच्या काचेवर नखानं दोनदा टकटक केलं. काटा तळाला होता, तो हलला नाही.