तीन पायऱ्या

महाडमध्ये आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचा संडास उंचावर होता. तीन-चार पायऱ्या चढून जायचं, आत डोकं जवळजवळ पत्र्याला टेकायचं. बाहेरगावचे पाहुणे हसायचे. पण सावित्री नदी पावसाळ्यात बाजारपेठेपर्यंत येते हे त्यांना कुठे ठाऊक असणार? आमचाच संडास तेवढा जमिनीलगत होता, आणि तो बाबांनी आईवरच्या मायेपोटी तसा बांधून घेतला होता.

आधी संडास परसात होता. आईचे गुडघे गेले, पावसात चिखलातून तिकडे जाणं होईना, म्हणून बाबांनी मोरीशेजारी नवा बांधायचं ठरवलं. तुडीलचा गवंडी आला आणि खड्डा बघूनच अडला.

"साहेब, एवढं खाली नको. नदी भरली का टाकीतलं पानी उलटं घरात येल. तीन पायऱ्या तरी हव्यात. आमच्याकडं कुणी असं बांदीत नाय."

"आणि पायऱ्या चढायला हिला नवे गुडघे तुम्ही आणून देणार का?" बाबा म्हणाले. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाशी वाद घालून गवंडी काय जिंकणार? संडास खालीच झाला. आई इतकी खूश झाली की आल्यागेल्याला दाखवायची.

दोन पावसाळे निभावले. तिसऱ्या वर्षी तीन दिवस पाऊस थांबला नाही. गल्लीत पाणी आलं, पण आमच्या उंबऱ्याच्या हातभर खाली थांबलं. बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "या वर्षी वाचलो." तेवढ्यात मागून गुळगुळ आवाज आला. मी गेले तर संडासाचं भांडं काठोकाठ भरलेलं, आणि काळं पाणी मोरीतून स्वयंपाकघरात शिरत होतं.

महाडकराला पुराचं एक पक्कं माहीत असतं. पाणी उतरायची वाट बघत बसायचं नाही. पाण्यात उभं राहून खराट्याने गाळ ढवळत राहायचं, म्हणजे तो पाण्याबरोबर निघून जातो. एकदा बसला की फावड्याने खरवडावा लागतो. लहानपणापासून हेच केलं होतं, त्यामुळे घरात पाणी दिसलं की दुसरं काही सुचतच नाही. हे नदीचं पाणी नव्हतं, हे वासानेच कळत होतं. तरी आमच्या हातात खराटे आले होते.

घरात गमबूट एकच जोड, बाबांचा. तो आईने माझ्यापुढे टाकला. "घाल. तुला उद्या शाळेत जायचंय." मी घातला. आईने ओचा खोचला आणि अनवाणी त्या घाणीत उतरली. तिच्या टाचांना खोल भेगा होत्या, रोज झोपताना ती त्यांत कोकमाचं तेल कढवून भरायची. वर तिला मधुमेह. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, जंतुसंसर्गाचा धडा दर वर्षी घ्यायचे. तरी मी ते बूट घातले आणि तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. याची लाज मला आजही वाटते.

बाबा पिंपातून बादल्या भरून ओतत होते, आम्ही दोघी पाणी मोरीकडे लोटत होतो. ओतलेली प्रत्येक बादली त्याच भांड्यातून परत वर यायची. दुपारपर्यंत आम्ही हा उद्योग केला.

दोन दिवसांनी नर्सबाई ब्लीचिंग पावडर घेऊन गल्लीत आल्या. आमची हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "हात घातलातच कशाला? नळ बंद करायचा, पाण्याचा थेंब ओतायचा नाही, आणि शेजारच्या माडीवर जाऊन बसायचं. नदी उतरली की टाकी आपोआप उतरते. मग बूट, हातमोजे घालून साफ करायचं." भिजलेलं धान्य फेकून द्यायला सांगितलं, पिण्याचं पाणी उकळायला सांगितलं. मग त्यांची नजर आईच्या सुजलेल्या टाचेकडे गेली. "हे आजच डॉक्टरांना दाखवा." आई हो म्हणाली. पण आधी तिला भांडी उकळायची होती, डबे धुवायचे होते. आम्हीही तिला उचलून नेलं नाही.

चौथ्या दिवशी तिला ताप चढला, टाच काळी पडली. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

मी तिच्याजवळ राहिले, बाबा मध्येच आठवडाभर महाडला जाऊन आले. कशाला, ते सांगितलं नाही. आईला आम्ही घरी आणलं त्या दिवशी कुबड्या टेकत ती पहिल्यांदा मागच्या बाजूला गेली. संडास उंच झाला होता. नव्या सिमेंटच्या तीन पायऱ्या, कडेला धरायला लोखंडी नळीसुद्धा.

"आता घरात पाणी येणार नाही," बाबा म्हणाले.

आईने कुबडीचं टोक पहिल्या पायरीवर टेकवून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "अहो, पण मी चढू कशी?"

बाबांना हे सुचलंच नव्हतं. त्यांना काय बोलणार? मलाही सुचलं नसतं.

त्या दिवसापासून एका बाजूने बाबा आणि एका बाजूने मी तिला धरून वर चढवायचो. ती कधी कुरकुरली नाही. उलट आम्हाला वाटायचं, चला, हिला दिवसातून दोनदाच जावं लागतं, तेवढंच बरं. आम्हाला सारखं उचलावं लागू नये म्हणून तिने पाणी पिणंच कमी केलं होतं, हे मला वर्षभराने कळलं.