अष्टमीची एकच कुमारिका

कॉलेजात पॉलिटिकल सायन्सच्या सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. इकडे लिबरल, तिकडे कॉन्झर्व्हेटिव्ह. मला तर खेळणंच मिळालं! घरी पोचेपर्यंत मी आमची पूनम सागरमधली अख्खी बिल्डिंग वाटून टाकली होती. सेक्रेटरी तिकडे. समोरचे काका इकडे, कारण ते देव मानत नाहीत आणि बाईच्या स्वातंत्र्यावर तासभर बोलू शकतात, चहा गार झाला तरी. आणि आमची आई? तिकडे, विषयच नाही! पाळीत मला देवघराच्या आसपास फिरकू द्यायची नाही. माझ्या स्लीव्हलेस टॉपचं तिने फडकं केलं होतं, आणि त्याच फडक्याने माझ्याकडूनच गॅस पुसून घ्यायची.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई भाड्याने राहायची, आठेक वर्षांच्या मुलीला घेऊन. काशीमीऱ्याच्या एका बारमध्ये नाचायची. बारमधल्या डान्सवर बंदी आली तेव्हापासून ऑर्केस्ट्राची गायिका म्हणून तिथेच, फक्त आता हातात माइक. सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. लिफ्टमध्ये ती आली की बायका जिन्याने जायच्या. गुडघे दुखणाऱ्यासुद्धा!

नवरात्रात अष्टमीला आई नऊ कुमारिका जेवायला बोलावते. त्यांचे पाय धुते, कारण त्या दिवशी त्या मुली म्हणजे देवी. त्या वर्षी नऊ काही जमेनात, म्हणून तिने वरच्या मुलीलाही सांगितलं. आदल्या दिवशी सेक्रेटरीची बायको दारात हजर.

"वहिनी, ती येणार असेल तर आमची येणार नाही. बाकीच्यांच्या पण नाही येणार, सांगून ठेवते."

"नका पाठवू," आई म्हणाली. "कुमारिकेला आईचा धंदा चिकटत नाही."

अष्टमीला आठ पाट रिकामे. काकांची मुलगीसुद्धा नाही! मी तडक त्यांच्या दारात. "काका, तुम्ही पण?"

"अगं, तत्त्व म्हणून माझा पूर्ण पाठिंबा आहे त्या बाईला. पण आमची लहान आहे ना, उगाच प्रश्न विचारत बसते." आणि दार लावलं. हळूच, सभ्यपणे.

मग ती मुलगी आली, फ्रॉक घालून, दोन वेण्या, मागे तिची आई. माझ्या आईने बाईला हाताने थांबवलं. "तुम उधरच रुको. अंदर नय."

बाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पोरीच्या चपला हातात धरून. आत माझ्या आईने परातीत पोरीचे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं, गजरा माळला, पायांवर डोकं ठेवलं. "आंटी, गुदगुदी होती है!" पोरगी खिदळली. नऊ जणींची खीर एकटीपुढे. बाहेर बाईने नुसता वास घेतला. तिला वाटी नाही, पाणी नाही. मी उठायला लागले तर आईने असं बघितलं की मी बसले परत.

निघताना बाई म्हणाली, "आंटी, कल मीटिंग है. मेरे को निकालने का बोलते हैं. बच्ची का स्कूल इधर है. आप बोलोगे तो सुनेंगे."

"बोलेगी मैं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये मीटिंग. ठराव असा, की फ्लॅटमालकाला कळवायचं, बाईचं ॲग्रीमेंट वाढवू नको. बाई भाडेकरू, तिला बोलायचा हक्क नाही, ती जिन्याजवळ उभी. आई उठली.

"जिच्या पायांवर मी काल डोकं ठेवलं तिचं बिऱ्हाड बाहेर काढायला मी हात वर करणार नाही. देवीला कोण रस्त्यावर काढतं?"

सेक्रेटरी चष्मा पुसायला लागले. मी मनातल्या मनात आईला फळ्यावरच्या रेघेवरून उचलून इकडे आणून ठेवलं.

आणि काकांना स्फुरण चढलं. "वा वहिनी! म्हणजे तिच्या कामात गैर काही नाही हे तुम्हीसुद्धा मान्य करता!"

"गैर नाही?" आई त्यांच्याकडेच वळली. "पाप आहे ते. धडधडीत पाप. तिच्या हातचं पाणी मी पिणार नाही."

बाई सगळं ऐकत होती. मराठी तिला चांगली कळायची.

"झालं तर!" सेक्रेटरी चष्मा घालत म्हणाले. "वहिनीच पाप म्हणतायत. मग पाप बिल्डिंगमध्ये ठेवायचं कशाला?" कोणीतरी फस्सकन हसलं. हात वर गेले, धडाधड. काकांचा अर्धाच गेला, रिक्षा थांबवताना जातो तेवढा. तो मोजला गेला. आईचा खालीच राहिला. एकटीचा.

घरी मी किंचाळले. "एक वाक्य गिळायचंस ना! एकच!"

"घरात घट बसलेत. मी खोटं बोलू?"

"पण तू नक्की कुठल्या बाजूची आहेस?"

"भात लाव," आई म्हणाली.

ॲग्रीमेंट संपलं तेव्हा खाली टेम्पो आला. गादी, कुलर, पोरीची सायकल. खिडक्या भरलेल्या, काकांच्या खिडकीत तर सहकुटुंब. आई खाली उतरली आणि मला वाटलं, आता तरी. आता तरी ती बाईशी काही बोलेल.

पोरगी पुढच्या सीटवर बाईच्या मांडीत बसली होती. आईने पदर डोक्यावरून घेतला, पोरीसमोर दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. बाईकडे बघितलंसुद्धा नाही.

पोरगी खुशीत हात हलवायला लागली. बाईने तिचा हात पकडून खाली दाबला, काच वर केली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चलो."

आईचे डोळे अजून मिटलेलेच होते.